सहाव्या मुलीची पाठ

आमच्या जिमच्या लॉबीत काचेच्या चौकटीत एक लिओटार्ड, म्हणजे जिम्नॅस्ट घालतात तो अंगाला घट्ट बसणारा पोशाख, टांगलेलं आहे. गडद निळं, खांद्यापासून कमरेपर्यंत पांढऱ्या खड्यांची नक्षी, बाह्यांना जाळी. नवीन पालक आले की त्याच्यासमोर पोरीला उभं करून फोटो काढतात. "काय जपलंय! एकसुद्धा खडा पडलेला नाही," असं कुणी ना कुणी म्हणतंच. मी बाजूच्या खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली असायचे आणि गप्प राहायचे. खडा का पडला नाही हे मला ठाऊक होतं, पण ते ज्यांचं त्यांनी सांगावं.

ते लिओटार्ड आमच्या कोचचं. ती फ्रेंच आहे. फ्रान्सच्या संघातून रिदमिक जिम्नॅस्टिक्स खेळली आणि पुढे कुठल्या कुठे, टेक्सासमधल्या फ्रिस्कोत, टाइल्सच्या गोदामाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये देशी-विदेशी पोरींना रिबन फिरवायला शिकवू लागली. माझी मुलगी तिच्याकडे सहा वर्षांची असल्यापासून जात होती. त्या खेळाने माझ्या आयुष्यातल्या सगळ्या संध्याकाळी खाल्ल्या.

रिदमिक म्हणजे काय हे मी इतक्या जणांना समजावलंय की आता तोंड दुखतं. गणपतीच्या पॉटलकला एक काकू दर वर्षी न चुकता विचारतात, "ते रिबिनी फिरवतात तेच ना गं? त्यात कोलांट्या नसतात?"

"नसतात, काकू."

"मग बरंय. सोपं असेल."

मी बटाट्याची भाजी वाढून घेते आणि दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसते. सोपं! पाच मुली एका मोठ्या कार्पेटवर, प्रत्येकीच्या हातात लांबलचक रिबन, ती एकीने हवेत उंच फेकायची आणि दुसरीने न बघता झेलायची. अंगात एकसारखे कपडे, डोक्यावर एकसारखे घट्ट अंबाडे. पाचजणी मिळून एकच बाई हलतेय असं वाटलं पाहिजे. आणि ग्रुपमध्ये असते एक सहावी. रिझर्व्ह. तिला सगळं येतं, पाचही जणींच्या जागा येतात, आणि ती बाकावर बसते.

माझी मुलगी सहावी होती.

कारण उंची. तेराव्या वर्षी तिने अशी उंची काढली की दर दोन महिन्यांनी पँट आखूड. आमच्याकडे सगळे ताडमाड, तिचा काय दोष? बाकीच्या पाचही जणी लहानखुऱ्या, एका मापाच्या. त्यांच्या रांगेत ती उभी राहिली की बघणाऱ्याची नजर तिच्याच खांद्यावर अडकायची. मोठ्या मुलींच्या ग्रुपमध्ये आल्यापासून ती एकदाही स्पर्धेत कार्पेटवर उतरली नव्हती. प्रॅक्टिसला मात्र एक दिवस दांडी नाही. पहाटे मी उठून भारतातल्या टीमशी कॉल करायचे, दिवसभर ऑफिस, मग शाळेतून तिला उचलायचं, गाडीतच तिने पोळीचा रोल खायचा, टोलवेवर ट्रॅफिकमध्ये रांगायचं आणि मग त्या शेडमध्ये अंधार पडेपर्यंत बसायचं. नवरा कन्सल्टिंगमध्ये. सोमवारी विमानात बसतो, गुरुवारी उतरतो. घरी आला की "तू फार लोड घेतेस," असं म्हणून सोफ्यावर आडवा होतो. मी त्याच्याशी भांडणंही सोडून दिलं होतं, भांडायला ताकद लागते.

अकरावीच्या सुरुवातीलाच मुलीने सांगून टाकलं होतं, हा शेवटचा सीझन. पुढच्या वर्षी कॉलेजची अ‍ॅप्लिकेशन्स. मला सुटल्यासारखं झालं. मग ती गाडीत, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकदा कार्पेटवर जायला मिळायला हवं होतं, आई. जस्ट वन्स." त्यानंतर तो विषय तिने पुन्हा काढला नाही. माझ्या मात्र तो डोक्यातून जाईना. तिला एकदा, फक्त एकदा, त्या कार्पेटवर उभं राहायला मिळावं, बाकी मला काही नको होतं.

रविवारी कोच माझ्या घरी यायची. त्याचं असं झालं की लिओटार्डवरचे खडे आम्ही आयाच चिकटवतो. तयार खड्यांचं लिओटार्ड परवडत नाही, म्हणून साधं शिवून आणायचं आणि मग चिमट्याने एकेक खडा गम लावून बसवायचा. हे खडे स्पर्धेत पडतात. मुली कार्पेटवर लोळतात, रिबन अंगावरून सर्रकन जाते, एकमेकींना घासतात, की पडलेच. एका स्पर्धेत मी कुणाचे तरी पडलेले खडे पटापट बसवले आणि तिथेच फसले. माझा हात बसलाय असं ठरलं. तेव्हापासून दर स्पर्धेनंतर पाच लिओटार्डं झिपलॉकच्या पिशव्यांतून माझ्याकडे यायची आणि कोच मदतीला. मी पोहे करायचे. ती त्यावर लिंबाचा इतका रस पिळायची की मला बघूनच दात आंबायचे.

माझ्या मुलीचं लिओटार्ड मात्र कधी दुरुस्तीला यायचं नाही. त्याचं काही पडायचंच नाही.

त्या टेबलाशी, पोहे आणि गमच्या वासात, कोचने मला तिची सगळी गोष्ट सांगितली. एका दमात नाही, तुकड्यातुकड्यांनी. ती बोलायची इंग्रजीत, मधूनच फ्रेंच शब्द टाकत, मी माझ्या मराठीत सांगते. समुद्रकाठचं छोटं गाव, बाप बस चालवायचा. गावाच्या हॉलमध्ये संध्याकाळी खुर्च्या सरकवून क्लास चालायचा. तिथे कुणीतरी तिला हेरलं आणि बाराव्या वर्षी ती पॅरिसजवळच्या केंद्रात राहायला गेली. अर्धा दिवस शाळा, बाकी सगळा कार्पेटवर. महिन्यातून एकदा आगगाडीने घरी. ती रिबनमध्ये फार चांगली होती. ज्युनियरमध्ये देशात दुसरी आली, बल्गेरियाला गेली, जर्मनीला गेली, तिच्या गावच्या बेकरीत तिचा फोटो लागला.

"मग?" मी विचारलं.

"मग मी उंच झाले," ती म्हणाली आणि चिमट्याने पुढचा खडा उचलला.

पाठ दुखायला लागली, मागच्या पोरी पुढे गेल्या. एकटीने खेळणं संपलं तेव्हा तिला ग्रुपमध्ये घेतलं. सहावी म्हणून. दोन वर्षं ती त्या संघाबरोबर जगभर हिंडली. प्रत्येक स्पर्धेत पहाटे उठून तसाच अंबाडा, तसाच मेकअप, अंगात तसंच लिओटार्ड, पाचजणींबरोबर पूर्ण वॉर्म-अप. आणि पुकारा झाला की अंगावरचं जॅकेट तसंच ठेवून बाकावर. ज्या सर्वांत मोठ्या स्पर्धेसाठी ती बाराव्या वर्षापासून घर सोडून राहिली होती, तिथेही तेच झालं.

"जॅकेट कधीच निघालं नाही?"

"कधीच नाही."

"मग तू करायचीस काय तिथे?"

"रिबिनींना इस्त्री," ती म्हणाली. रिबनला चुणी पडली तर ती हवेत नीट वळत नाही. पाचही जणींच्या रिबिनी ती करायची. रात्री सगळ्या जणी पडलेले खडे चिकटवत बसायच्या, एकमेकींच्या चुका काढायच्या, हसायच्या. तिला चिकटवायला काही नसायचं. म्हणून काचेतलं ते लिओटार्ड इतकं नवं दिसतं. विसाव्या वर्षी तिने खेळ सोडला, पुढे इकडे आली.

मी ऐकून घेतलं आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आणि तरी तू माझ्या मुलीला सहावी केलीस? तुला कळत नाही ते कसं असतं?"

ती शांतपणे म्हणाली, "कळतं. पण तिला घेतलं की रांग मोडते. मला खोटं बोलता येणार नाही, तुझ्याशीही नाही आणि तिच्याशी तर नाहीच."

पुढचे दोन रविवार मी तिला पोहे केले नाहीत. टोस्ट दिला, तोही कोरडा. तिने निमूटपणे खाल्ला, बिचारीने. मग मलाच लाज वाटली आणि तिसऱ्या रविवारी मी शेंगदाणे जास्त घालून पोहे केले. माझा राग तेवढाच टिकतो.

वसंतात शेवटच्या स्पर्धेसाठी नवीन लिओटार्डं आली. वाइन रंगाची, पुढे आणि पाठीवर दोन्हीकडे नक्षी काढायची होती. ऑफिसात नेमका सॉफ्टवेअरचा रिलीज चालू, कोच बाकीच्या ग्रुपांच्या मागे. मी एकटीच बसले. पाच झाली. सहाव्याची पुढची बाजू झाली. मान अशी आखडली होती की डावीकडे बघायचं तर सगळी बाई वळायची. मुलगी समोर बसून केमिस्ट्रीचं काहीतरी करत होती. मी लिओटार्ड उलटं केलं आणि पाठीवर नक्षीच्या खुणा करायला लागले, तर ती मान वर न करता म्हणाली, "आई, पाठ राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"माझं जॅकेट निघतच नाही. कोण बघणारे?"

"आणि निघालं तर?"

"आई. सीरियसली?"

आणखी भात नको, असं सांगावं तसं ती हे बोलली. त्यात रुसवा नव्हता की रडगाणं नव्हतं. मला वाटलं होतं की ती अजून वाट बघतेय, आणि तिच्या वतीने मीही बघत होते. तिने केव्हाच सोडून दिलं होतं. त्याचं मला इतकं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर तेवढंच हायसंही वाटलं. मी गमचं झाकण लावलं आणि मान शेकायला गेले. पुढच्या आठवड्यात करू असं म्हटलं, पण ते बोलण्यापुरतंच. मुलीने जॅकेट लिओटार्डावरच चढवून पिशवीत घातलं. कोचला काही कळलं नाही.

स्पर्धा शुगर लँडला होती. फ्रिस्कोहून आख्खी दुपार गाडी हाकली. गाडीबाहेर पाय टाकला तर हवा अशी दमट की चष्म्यावर वाफ. हॉटेलात मुलगी आणि कोच दोघी इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. रिबनवर माझी सुती ओढणी अंथरायची आणि वरून मंद इस्त्री फिरवायची. एक ओढणी धरायची, दुसरी इस्त्री. दोघीही उंच, दोघीही पाठीत किंचित वाकलेल्या. मी पलंगावर पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत होते आणि मला दोघींचीही चीड आली. इतकं मुकाट्याने कशाला सोसायचं माणसाने?

सकाळी वॉर्म-अपच्या हॉलमध्ये केसांसाठी दोन आयांना आत सोडलं होतं, त्यातली मी एक. दुसरी टीमची मॅनेजर, जिची मुलगी पाचांत होती आणि जी सगळ्यांना वेळापत्रकं पाठवायची. पोरी उड्या मारत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात लहानखुरी दुसऱ्या ग्रुपच्या कुणाच्या तरी पायावर उतरली आणि खाली बसली. घोटा बघता बघता सुजला. बर्फ लावला, पट्टी बांधली, तिने उभं राहायचा प्रयत्न केला आणि ओरडली.

कोच सरळ आमच्याकडे आली. माझ्या मुलीसमोर उभी राहिली आणि हात पुढे केला.

"जॅकेट."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिने चेन उघडली, जॅकेट काढून कोचच्या हातात दिलं आणि तशीच उभी राहिली, भिंतीला पाठ लावून.

"वळ," कोच म्हणाली.

ती वळली. नुसतं वाइन रंगाचं कापड. शेजारी चार पाठी दिव्यांखाली चमचम करत होत्या.

मॅनेजरने कपाळाला हात लावला. ग्रुपचे कपडे एकसारखे नसले तर गुण कापतात. थोडेच कापतात, पण वरच्या जागा तेवढ्यावरच ठरतात. तिने लगेच तोडगा काढला, घोटा दुखावलेल्या मुलीचं लिओटार्ड हिला घाला. दोघी पडद्यामागे गेल्या. ते माझ्या मुलीच्या कमरेवर तर चढलं, पण खांद्यापर्यंत काही पोचेना. ती लहानखुरी पोर बर्फाची पिशवी धरून रडत रडत हिलाच सॉरी म्हणत होती. मग मॅनेजर कोचच्या कानाशी लागली. घोटा नीट घट्ट बांधला तर अडीच मिनिटं काढेल की ती. काय हरकत आहे?

कोच माझ्याकडे बघत होती. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या समोर बसून तिने जे सांगितलं होतं ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने मुलीला विचारलं, "पाठ राहू दे असं कोण म्हणालं?"

"मी."

"का?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "बिकॉज इट नेव्हर कम्स ऑफ."

कोच मॅनेजरला म्हणाली, "कापू देत गुण," आणि नाव बदलल्याचं सांगायला टेबलाकडे गेली. माझ्या मुलीचं जॅकेट तिच्या हातातच होतं.

मी धावत वर स्टँडमध्ये गेले. नवऱ्याला फोन लावला, त्याने उचलला नाही, त्या आठवड्यात नेमका परतायला उशीर झालेला, विमानात असणार. पाचजणी चालत आल्या. माझी मुलगी घोटा दुखावलेल्या मुलीच्या जागी, डाव्या कोपऱ्यात. रांग मोडलीच, कोचचं खरं होतं. चार डोकी एका पातळीत आणि एक वर. त्या वळल्या की चार पाठी लखलखायच्या आणि त्यांत एक साधीच. मला दुसरं काही दिसतच नव्हतं. संगीत कुठलं होतं तेही मी विसरले. रिबिनी वर गेल्या, हिने मागे न बघता झेलली. एकदा हिची रिबन हिच्याच पायात आली, तेव्हा मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला. हिने मनगटाने एक झटका दिला आणि ती सोडवली. मग पाचहीजणी कार्पेटवर लोळत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेल्या. कडेला कोच उभी होती. ते जॅकेट तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, गर्दीत कुणी पर्स धरावी तसं.

त्या तिसऱ्या आल्या. कापलेले गुण नसते तर दुसऱ्या आल्या असत्या. मॅनेजरबाई परत घरी येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मी कुणाचंही काहीही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत होते. परतीच्या वाटेवर मुलगी अर्धा वेळ झोपली आणि अर्धा वेळ खात होती.

पुढच्या रविवारी कोच आली. सीझन संपला होता, एकही झिपलॉकची पिशवी आली नव्हती, तरी आली. मी पोहे भिजवले. आम्ही दोघीही दमून गेलो होतो, खरं म्हणजे त्या दिवसापासूनच.

मुलगी उशिरा उठली. हातात ते वाइन रंगाचं लिओटार्ड घेऊन खाली आली आणि पोह्यांच्या ताटलीशेजारी टेबलावर टाकलं.

"आई, माझं रिपेअर करशील?"

ते घालून कुठेही जायचं नव्हतं. पुढच्या वर्षी ते तिला होणारही नव्हतं. मी ते उलगडलं. कमरेपाशी, खांद्यावर, छातीच्या एका बाजूला खडे उडालेले. गमचे छोटे छोटे डाग तेवढे राहिले होते. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरींचे असे डाग बघितले, शिव्या घालत घालत खडे लावले. माझ्या मुलीच्या लिओटार्डवर ते पहिल्यांदाच बघत होते, आणि मला रडू आवरेना. मुलगी "आई, प्लीज," म्हणाली आणि पोह्यांतले शेंगदाणे वेचून खायला लागली.

मी खड्यांचा डबा काढला. कोचने बाजूला बसून चिमटा उचलला आणि मला एकेक खडा द्यायला लागली. आम्ही कमर भरली, छाती भरली. खांद्यावरची शेवटची जागा उरली तेव्हा तिने चिमटा खाली ठेवला. त्या रिकाम्या डागावर बोट ठेवलं.

"एवढी एक राहू दे," ती म्हणाली.